वेळसरचं बाशिंग

स्वागत कसं करावं याचं परिपत्रक अकरा पानांचं होतं आणि त्यातलं एकही पान ऋजुता साटविलकरच्या कामाचं नव्हतं. नवनागरिकांना फेटे बांधावेत, औक्षण करणाऱ्या महिला पाच असाव्यात, त्यांच्या साड्या एकाच रंगाच्या असाव्यात, स्वागतगीत तीन मिनिटांपेक्षा लांबू नये, सगळं सगळं त्यात होतं. त्या नवनागरिकांची परीक्षा एका दिवसात उरकायची कशी, एवढंच काय ते वर कोणाला सुचलं नव्हतं.

ऋजुता वेळसर बंदराच्या तहसील कचेरीत नायब तहसीलदार होती. समारंभ उद्या सकाळी, पालकमंत्र्यांच्या हस्ते. तहसीलदार घोसाळकर त्यासाठी महिनाभर गुडघ्याला बाशिंग बांधून बसले होते. खरं बाशिंग मात्र ऋजुताच्या कपाळी आलं होतं.

बाशिंग म्हणजे ते यंत्र. त्याचं सरकारी नाव ‘द्विपक्षीय भाषिक जुळणी मापक’, आणि हे एका दमात म्हणणारा माणूस कचेरीत कोणी नव्हता. कपाळावरून जाणारी रबरी पट्टी आणि तिच्यापासून दोन्ही कानांमागे उतरणाऱ्या बारीक तारा, असा त्याचा थाट. खोकं उघडलं त्या दिवशी शिपाई शिगवणांनी ते डोक्याला बांधून नवरदेवासारखी मान खाली घालून दाखवली, तेव्हापासून ते बाशिंग झालं. ते यायला हवं होतं दोन महिन्यांपूर्वी. आलं चार दिवसांपूर्वी, तेही चार्जरशिवाय. चार्जर आज सकाळी आला.

त्यातलं विज्ञान तसं सोपं होतं. माणूस ऐकतो तेव्हा त्याचा मेंदू नुसता कान देऊन बसत नाही, पुढचा शब्द कुठला येणार याचे अंदाज बांधत तो बोलणाऱ्याच्या अर्धं पाऊल पुढे चालत असतो. ‘ताईने पोळीवर तूप वाढलं’ हे ऐकताना काही घडत नाही. पण ‘ताईने पोळीवर सिमेंट वाढलं’ असं कोणी म्हटलं की चार दशांश सेकंदात मेंदूतल्या विजेच्या रेघेत एक बारीकशी घळ पडते. हसू त्यानंतर येतं. ही घळ लपवता येत नाही, कारण ती पडली हे ज्याच्या मेंदूत पडली त्यालाही कळत नाही. शास्त्रज्ञांना हे कित्येक दशकं माहीत होतं. नवं होतं ते एवढंच, की इस्पितळातल्या खोलीभर यंत्राऐवजी आता ती रेघ एका रबरी पट्टीत पकडता येऊ लागली होती.

सरकारने तिचा उपयोग असा केला. नागरिकत्वासाठी भाषेची पुरेशी जाण हवी ही अट जुनीच. पूर्वी अधिकारी चार प्रश्न विचारून ती ठरवायचा आणि मग त्याच्या लहरीबद्दल तक्रारींचा पाऊस पडायचा. आता अर्जदार आणि अधिकारी दोघांनी बाशिंग बांधून पंधरा मिनिटं गप्पा मारायच्या. बोलणं खरोखर एकमेकांपर्यंत पोचत असेल तर दोन मेंदूंच्या रेघा हळूहळू जुळत जातात आणि अंक चढतो. सत्तरच्या वर गेला की उत्तीर्ण. खाली राहिला तर त्याच दिवशी आणखी दोन संधी, आणि त्याही गेल्या तर सहा महिन्यांनी पुन्हा अर्ज.

अर्जदार अकरा, सगळे मालदीवचे. चौदा वर्षांपूर्वी त्यांच्या बेटांवर समुद्र चढला तेव्हा चार बोटी वेळसरच्या धक्क्याला लागल्या होत्या. गावाने त्यांना ‘बेटकर’ म्हणायला सुरुवात केली आणि पुढे अर्जांवरही तेच आडनाव लागलं.

दुपारी दोनपर्यंत दहा जण झाले. इब्राहिम बेटकर नावाचा बोटीवरचा म्हातारा मिस्त्री पंधरा मिनिटांत जेमतेम सहा वाक्यं बोलला. मला भारत आवडतो, मला मासे आवडतात, माझा गुडघा दुखतो. त्याला एक्क्याऐंशी. ऋजुताने कपाळावरचा घाम पुसला आणि शेवटचं नाव पुकारलं. हे नाव शेवटी तिनेच ठेवलं होतं, कारण त्याची तिला काळजीच नव्हती.

हव्वा बेटकर आत आली ती बाहेर शिगवणांशी चाललेलं भांडण तोंडात घेऊनच. समारंभाचे नारळ त्यांनी आणले होते आणि ते निम्मे खवट निघणार असं हव्वाचं म्हणणं होतं. हव्वा धक्क्यावर कुप्याच्या माशाचं आणि खोबऱ्याचं सारण भरलेल्या रोट्या विकायची. तिचं मराठी ऋजुतानेच घडवलेलं. निर्वासितांच्या छावणीत ऋजुता तेव्हा साधी लिपिक होती आणि हव्वा रोज संध्याकाळी पाटी घेऊन तिच्यासमोर बसायची. पुढे ऋजुताच्या आईचं खुब्याचं हाड मोडलं, तेव्हा पाच महिने दिवसातून दोनदा येऊन तिला उठवलं-बसवलं ते हव्वाने. एका सभेत कोणीतरी बेटकरांना परत पाठवा म्हणाला, तेव्हा ऋजुताने त्याच्या हातातला माईक काढून घेतला होता. गावात दोघींना बहिणी म्हणत.

दोघींनी बाशिंगं बांधली. हव्वाने सुरुवातच जोरात केली. आपल्या बंदरावर नवी जेट्टी बांधली तिच्या पायऱ्या चुकल्यात, आपण लोक आधी बांधतो आणि मग भरती मोजतो, आपल्याकडे इंजिनियर कमी नाहीत पण त्यांना समुद्र कोण दाखवणार. ऋजुता हसत होती. पंधरा मिनिटं कशी गेली कळलं नाही.

अंक आला अठ्ठावन्न.

ऋजुताने यंत्र बंद करून परत चालू केलं. पट्ट्या ओल्या फडक्याने पुसल्या. दुसऱ्या खेपेला हव्वाने जास्त जीव ओतून गप्पा मारल्या. अंक पंचावन्न. ‘मला आवडतो’पलीकडे ज्याची मजल गेली नाही त्या इब्राहिमला एक्क्याऐंशी, आणि कोळणींना भावात आणि भांडणात हार न जाणाऱ्या हव्वाला पंचावन्न. ऋजुताच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

 हव्वाने बाशिंग सोडून नीट घडी घालून टेबलावर ठेवलं. तिची ब्याऐंशी वर्षांची आई श्रीलंकेतल्या एका छावणीत होती. ती छावणी दोन महिन्यांत बंद व्हायची होती आणि तिथल्या माणसांना कुठल्या देशात धाडणार याची यादी अजून निघायची होती. आईला बोलावून घेण्याचा हक्क फक्त नागरिकाला. सहा महिन्यांनी तो हक्क मिळून उपयोग नव्हता, आणि हे दोघींनाही ठाऊक होतं.

“तू बाहेर बस,” ऋजुता म्हणाली. “या डबड्याचं काय करायचं ते मी बघते.”

यंत्र बनवणाऱ्या कंपनीचा फोन तीन वेळा कोणत्यातरी गाण्यावर अडकला. चौथ्यांदा स्पृहा नावाची इंजिनियर सापडली. ऋजुताने तिला श्वास घ्यायलाही जागा न ठेवता झापलं. तुमचं यंत्र ज्यांना येत नाही त्यांना पास करतं आणि ज्यांना येतं त्यांना नापास, उद्या इथे मंत्री येणार आहेत, तुम्ही काय पुण्यात बसून झोपा काढता का, असं बरंच काही. स्पृहाने ते सगळं ऐकून घेतलं आणि दोन्ही चाचण्यांच्या रेघा तिच्या पडद्यावर उघडल्या.

“मॅडम, हिरवी रेघ अर्जदाराची. ती एकदम स्वच्छ आहे, इतकी स्वच्छ मी फार कमी पाहिली आहे,” ती म्हणाली. “घळी निळ्या रेघेत आहेत. निळी तुमची.”

ऋजुताला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. “माझं मराठी कच्चं आहे असं म्हणायचंय का तुम्हाला?”

तसं नाही, स्पृहा म्हणाली, आणि मग तिने ते समजावून सांगितलं. मेंदू फक्त शब्द ऐकत नाही, तो कोण बोलतंय हेही त्याच क्षणी हिशेबात धरतो. ‘माझी पेन्शन अडकली’ हे वाक्य एखाद्या आजोबांनी म्हटलं तर काही होत नाही. तेच चार वर्षांच्या मुलीने म्हटलं तर घळ पडते. वाक्य तेच, शब्द तेच, पण त्या तोंडी तो शब्द मेंदूला पटत नाही.

“कुठला शब्द?” ऋजुताने विचारलं.

स्पृहाने यादी वाचली. आपल्या. आपण. आपल्याकडे. आपली. परत आपण. दोन्ही चाचण्या मिळून एकोणतीस वेळा हव्वाच्या तोंडी तो शब्द आला होता आणि एकोणतीस वेळा ऋजुताच्या रेघेत घळ पडली होती. बाकी कुठेही नव्हती.

 ‘आम्ही’ म्हटलं की ऐकणारा उंबऱ्याबाहेर राहतो आणि ‘आपण’ म्हटलं की तो आत येतो, हे ऋजुताने स्वतःच पाटीवर लिहून शिकवलं होतं. इब्राहिम आणि बाकीचे नऊ जण कसे सुटले तेही आता उघड होतं. त्यांचं मराठी ‘मी’ आणि ‘मला’च्या पुढे गेलंच नव्हतं. जिचं गेलं, ती अडकली.

ऋजुताने आधी ते मानलंच नाही. आपण थकलोय, सकाळपासून पोटात चहाशिवाय काही नाही, अकरा जणांशी बोलून डोकं भणभणलंय, अशी सगळी कारणं तिने सांगून पाहिली. थकवा असता तर घळी कुठेही पडल्या असत्या, एकाच शब्दावर नाही, एवढंच स्पृहा म्हणाली. तिच्या आवाजात खोच नव्हती, म्हणून ते जास्तच लागलं.

मग तिने आणखी एक गोष्ट सांगितली. नियमांत चौदावं कलम होतं. दोष ऐकणाऱ्याचा असेल तर अधिकाऱ्याने तसं लेखी द्यायचं आणि दुसरा श्रोता बसवायचा. तालुक्यात दहा वर्षं राहिलेला कोणीही कायम सरकारी कर्मचारी चालतो.

“पण ते कोणी वापरत नाही मॅडम. श्रोता-दोष असा शेरा तुमच्या सेवापुस्तकात जातो. तो पुढे काढता येत नाही.”

जूनमध्ये तहसीलदारपदाची यादी निघायची होती आणि तीत ऋजुताचं नाव तिसरं होतं. तिने फोन ठेवला. मार्ग अगदी सरळ दिसत होता आणि त्यात कोणाचं काही जाणार नव्हतं. तिसऱ्या खेपेला हव्वाने तो एक शब्द टाळला की झालं.

हव्वा बाहेरच्या बाकावर बसली होती. शिगवण तिच्यासमोर उकिडवे बसून नारळ कानाशी हलवून पाहत होते आणि प्रत्येक नारळामागे दोघांचं शब्दाला शब्द असं चाललं होतं. ऋजुताने हव्वाला अभिलेख कक्षात बोलावलं.

“तिसऱ्या वेळी जरा साधं बोल,” ती म्हणाली. “आपण, आपलं असं नको. मी, माझं एवढंच म्हण. त्या शब्दाला यंत्र गोंधळतं.”

हव्वा तिच्याकडे बघत राहिली. “यंत्र गोंधळतं की तू?”

ऋजुताला खोटं बोलायचं होतं आणि बोलता आलं नाही. ती नुसती फायलींच्या गठ्ठ्यावरची धूळ झटकायला लागली.

“गौरी आल्या की तू शिगवणांना विचारतेस, आपल्याकडे सुपांचा ओवसा यंदा आहे ना,” हव्वा म्हणाली. “आणि मला सांगतेस, आमच्याकडे यंदा ओवसा आहे. पहिली दोन वर्षं मला वाटलं, दोन्ही शब्दांचा अर्थ एकच असेल. मग कळलं. तूच शिकवलेलं ना.”

“म्हणजे तुला दहा-बारा वर्षं माहीत आहे?”

“असेल तेवढं.”

“मग बोलली का नाहीस कधी?”

“काय बोलणार गो? मी आपली म्हणत राहिले, आपण, आपण. म्हटलं, ऐकून ऐकून तुला सवय होईल.”

हे ती रागाने म्हणाली असती तर ऋजुताला उलट उत्तर देता आलं असतं. आईच्या आजारपणात तू आलीस ते मी विसरलेय का, सभेत मी कोणासाठी भांडले, असं सगळं तिच्या जिभेवर आलंही. पण ते सगळं खरं असूनही ती घळ खरी होती, आणि कोणाला आपण किती जवळचे मानतो याचे दाखले द्यायची वेळ येते तिथेच काहीतरी चुकलेलं असतं, हे कळण्याइतकी ती शहाणी होती.

हव्वाने पदर खोचला. “चल. मी म्हणते, मी आणि माझं. आईसाठी मी मुक्यानेसुद्धा परीक्षा देईन. तू मनाला लावून घेऊ नकोस.”

तिने मनाला लावून घेऊ नकोस म्हणणं ऋजुताला सहन झालं नाही. अकरा जणांत जिने ही भाषा खरोखर आपलीशी केली तिने ती आता इब्राहिमसारखी तोडून मोडून बोलायची, का, तर ऋजुताच्या सेवापुस्तकाचं पान कोरं राहावं म्हणून. ऋजुता स्वतःवर इतकी चिडली की तिने अभिलेख कक्षाचं दार आपटलंच. ती टेबलाशी गेली, चौदाव्या कलमाचा नमुना काढला आणि ‘श्रोता-दोष’ या शब्दासमोर सही केली.

घोसाळकर साहेबांनी कपाळाला हात लावला. आज कशाला हे खूळ, ते म्हणाले, तिला सहा महिन्यांनी घेऊ, मंत्र्यांच्या यादीत अकराऐवजी दहा छापू, आणि तुमचं जूनचं काय. ऋजुता म्हणाली की सही झाली आहे, आणि श्रोता कोण घेऊ तेवढं सांगा. साहेब मुंबईत वाढलेले, तालुक्यात येऊन दोन वर्षं झालेली. बाकीचे लिपिक मांडवाच्या कामाला पांगलेले. कचेरीत दहा वर्षं पुरी केलेला एकच माणूस हाताशी होता.

शिगवण म्हणजे हव्वाचा हाडवैरी. तिच्या रोटीत मीठ जास्त, तिची हातगाडी भर रस्त्यात, तिच्या तोंडाला लगाम नाही, अशी त्यांची कायमची तक्रार. ऋजुताने तिसरी आणि शेवटची संधी त्यांच्या डोक्याला बांधली. हव्वाला तिने एवढंच सांगितलं की तुला बोलायचं तसं बोल.

पंधरा मिनिटं ते दोघं नारळांवरच भांडले. आपल्या बागांतले नारळ सोडून बाजारातला माल आणायची अक्कल कोणाची, हव्वा म्हणाली. आपल्या बागांत माकडांनी काही ठेवलंय का, शिगवण म्हणाले. आपण माकडांना भितो म्हणून ती चढतात, हव्वा म्हणाली, आणि शिगवणांनी तिला तू जाऊन बस झाडावर असं सुचवलं. ऋजुता यंत्राच्या पडद्यावरची निळी, आता शिगवणांची असलेली, रेघ बघत होती. एकेक ‘आपण’ येत होता आणि रेघ हूं की चूं न करता पुढे सरकत होती.

अंक आला एक्क्याण्णव.

हव्वाने दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि ती रडायला लागली. शिगवणांना काय झालं ते कळेना. त्यांनी बाशिंग काढून ऋजुताला विचारलं की पास झाली म्हणजे ही एवढी रडते कशाला. ऋजुताने उलट त्यांनाच विचारलं, हव्वा तुम्हाला परकी वाटत नाही का कधी.

“परकी?” शिगवण म्हणाले. “म्याडम, धा वर्सं रोज माज्याशी भांडते ती बाय. परक्याशी कोन भांडतो?”

दुसऱ्या दिवशी सगळं परिपत्रकाबरहुकूम झालं. फेटे बांधले, पाच जणींनी एका रंगाच्या साड्या नेसून औक्षण केलं, स्वागतगीत सहा मिनिटं चाललं. पालकमंत्री चाळीस मिनिटं उशिरा आले आणि त्यांनी इब्राहिमला दोनदा हार घातला. हव्वाने प्रमाणपत्र घेतलं, त्यावरचं नाव एकदा बोटाने पुसून पाहिलं आणि पदराखाली धरलं. आईसाठीचा अर्ज तिने सकाळीच भरून ठेवला होता. ऋजुताने तो समारंभाआधीच शिक्का मारून पुढे धाडला होता.

नवनागरिकांच्या वतीने दोन शब्द बोलायचा मान हव्वाला होता. ती माईकसमोर आली तेव्हा ऋजुता मंचाच्या कडेला उभी होती. हव्वाच्या हातात लिहून आणलेला कागद होता. तिने तो उघडला, ऋजुताकडे क्षणभर बघितलं, आणि तो परत मिटला. तिच्या बघण्यात राग नव्हता. एखाद्या दुखऱ्या गुडघ्याच्या माणसाला आपण न सांगता हात देतो, तसं काहीतरी त्यात होतं.

“तुम्ही लोकांनी आम्हाला जागा दिलीत,” ती म्हणाली. “तुमच्या गावात आम्हाला राहू दिलंत. तुमची भाषा शिकवलीत. आम्ही तुमचे उपकार विसरणार नाही.”

टाळ्यांचा कडकडाट झाला. मंत्र्यांनी घोसाळकरांकडे वळून, बाई मराठी किती छान बोलते, अशी मान डोलावली. मागच्या रांगेत शिगवण तेवढे टाळ्या वाजवायचे थांबले आणि शेजारच्याला विचारू लागले की ही अशी काय बोलते आज.

ऋजुताच्या कपाळावर पट्टी नव्हती, पण तिला आता पट्टीची गरज नव्हती. ती चार वाक्यं तिच्या कानांत कुठेही न अडखळता सरळ उतरली होती. इतक्या वर्षांत हव्वाचं बोलणं तिला इतकं सहज कधी वाटलं नव्हतं. ऋजुताला मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि टाळ्या थांबल्या तरी ती तशीच मंचाच्या कडेला उभी राहिली.